दीर्घायुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघात बोलून झालं की चिठ्ठ्या पुढे येतात, आणि मग आठवडाभर फोनवर निरोप येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एक विनंती: इथलं वाचून स्वतःच्या गोळ्या कमी-जास्त करू नका. त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

१. दीर्घायुष्याचं गुपित थोडक्यात सांगाल का?

तंबाखू नाही, रक्तदाब आणि साखर आटोक्यात, पायांना रोज काम, ताटात डाळी-भाज्या जास्त आणि मीठ-साखर-तळण कमी, पुरेशी झोप, आणि बोलायला माणसं. यातलं काहीच नवीन नाही. पण गेल्या सत्तरेक वर्षांत हे सगळं मोजून दाखवलं गेलं आहे, आणि ते आकडे पुढे येतीलच. माझा आग्रह मात्र एकच आहे. शंभरी गाठायची असं ध्येय धरू नका. ऐंशीनंतरही आपली अंघोळ आपण करावी, बँकेत एकट्याने जाऊन यावं, हे ध्येय धरा. त्याला जे लागतं तेच शंभरीलाही लागतं. उरलेला भाग नशिबाचा, आणि त्यावर आपलं काही चालत नाही.

२. आमच्या घराण्यात सगळेच नव्वदी पार करतात. मग मला काळजी करायचं कारण नाही ना?

थोडा फायदा आहे, पण हमी नाही. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जुळ्या जोड्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्याच्या लांबीतला साधारण एक चतुर्थांश फरक आनुवंशिकतेचा निघाला. पुढे हा आकडा कोणी कमी काढला, कोणी जास्त. पण अगदी शंभरीपर्यंत पोचण्यात मात्र रक्ताचा वाटा मोठा दिसतो. अमेरिकेतल्या शतायुषी लोकांच्या सख्ख्या भावंडांची शंभरी गाठण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट होती.

आजोबा ९५ वर्षं जगले, पण ते शेतावर चालत जात होते आणि रात्री ज्वारीची भाकरी खात होते. त्यांचा नातू दहा तास खुर्चीत बसतो. वारसा दोघांचा एकच असला तरी दिवस वेगळा आहे. उलट बाजूही तितकीच खरी. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले असतील तर तिशीतच रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायला लागा. आनुवंशिक धोका जास्त असलेल्यांमध्येसुद्धा चांगल्या राहणीने हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा होतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे.

३. पूर्वीची माणसं शंभर वर्षं ठणठणीत जगायची. आताच असं का झालं?

तसं नव्हतं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, आज ते सत्तरीच्या आसपास आहे. ३२ म्हणजे सगळे तिशीत मरत होते असं मात्र नाही. पाळण्यातच जाणारी मुलं आणि बाळंतपणात जाणाऱ्या बायका इतक्या होत्या की सरासरी खाली ओढली जायची. त्यातून वाचलेला एखादा चिवट म्हातारा गावात असायचा, आणि तोच सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच्याबरोबर जन्मलेली, देवी-पटकी-प्लेगने गेलेली पोरं कोणाला आठवत नाहीत.

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आपण करतो तो यामुळेच. हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. इतकं वय दुर्मीळ होतं म्हणून त्याचं कौतुक होतं.

४. आमच्या पणजीचं वय ११२ आहे असं घरचे सांगतात. खरं असेल का?

असू शकेल, पण शक्यता फार कमी. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्यांचं वय बहुतेक वेळा अंदाजाने लिहिलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे, आपल्याच घरात पाहा. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख ती. २०११ च्या जनगणनेत शंभरी ओलांडलेले सहा लाखांवर लोक नोंदले गेले. जपानमध्ये, जिथे नोंदी काटेकोर आहेत, २०२५ मध्ये हा आकडा ९९,७६३ होता. आपली लोकसंख्या दहापट खरी, पण आपलं आयुर्मान पाहता सहा लाख पटत नाहीत.

जपानच्या कागदांचीही एकदा अब्रू गेली होती. २०१० मध्ये टोकियोतला १११ वर्षांचा म्हणून नोंदलेला एक माणूस घरात मृतावस्थेत सापडला. तो तीस वर्षांपूर्वीच वारला होता आणि त्याच्या नावाचं निवृत्तिवेतन चालू होतं. मग तपास झाला, तेव्हा कुटुंबनोंदणीत दोन लाखांहून जास्त ‘शतायुषी’ असे निघाले, ज्यांचा ठावठिकाणाच नव्हता.

पणजीचं वय काढायचं असेल तर तिला साल विचारू नका, प्रसंग विचारा. बेचाळीसच्या चळवळीत तिचं लग्न झालं होतं का? गांधीजी गेले तेव्हा थोरला मुलगा केवढा होता? पानशेत फुटलं तेव्हा (१९६१) किंवा कोयनेच्या भूकंपात (१९६७) घरात कोण कोण होतं? थोरल्या अपत्याचा शाळेचा दाखला मिळाला तर दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय सापडतं.

५. मग खात्रीने सर्वांत जास्त कोण जगलं?

फ्रान्समधल्या आर्ल गावच्या झान काल्मां. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७, म्हणजे १२२ वर्षं १६४ दिवस. पुरुषांमध्ये जपानचे जिरोएमोन किमुरा, ११६ वर्षं ५४ दिवस. ते २०१३ मध्ये गेले. काल्मांबाईंच्या वयावर २०१८ मध्ये रशियातून शंका घेतली गेली, पण आर्लमधल्या कागदपत्रांची छाननी केलेल्या बहुतेक अभ्यासकांनी ती मान्य केली नाही. १९६५ मध्ये, त्या नव्वद वर्षांच्या असताना, एका वकिलाने त्यांचं घर करारावर घेतलं. त्या असेपर्यंत त्यांना दरमहा ठराविक रक्कम द्यायची आणि पश्चात घर वकिलाचं. तीस वर्षं पैसे भरून वकील १९९५ मध्ये वारले, बाई अजून होत्या.

६. शंभरी गाठलेल्यांनाच विचारलं तर गुपित कळणार नाही का?

कळत नाही, कारण ते सगळे वेगवेगळं सांगतात. काल्मांबाई म्हातारपणीही सिगारेट ओढत आणि पोर्ट वाइन घेत. आपल्याकडे महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८ ते १९६२) १०४ वर्षं जगले, क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर (१८९२ ते १९९३) १०१ वर्षं, आणि वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर (१८६७ ते १९६८) शंभरी पूर्ण करून गेले. तिघांचे व्यवसाय वेगळे, स्वभाव वेगळे. सिगारेट ओढून शंभरी गाठणारी एक बाई बातमीत येते. सिगारेट ओढून साठीत गेलेल्या हजारोंना कोणी विचारायला जात नाही. म्हणून एका माणसाच्या सांगण्यावर औषध, आहार, आसन काहीच ठरवू नका.

तरी आपल्या माणसांकडे पाहताना दोन गोष्टी नजरेत भरतात. पहिली चालणं. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून संध्याकाळी हिंगण्याच्या आश्रमात पायी जायचे, पावसाळ्यातल्या चिखलातून, डोक्यावर आश्रमाची सगळी चिंता घेऊन. देवधरांनी पन्नाशीला टेकलेले असताना १९४०-४१ मध्ये महाराष्ट्राला सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकून दिला. दुसरी गोष्ट म्हणजे, निवृत्तीच्या वयानंतरही त्यांना सकाळी उठून करायचं काम होतं. हा पुरावा नव्हे. पण मोठ्या अभ्यासांतून जे निघतं (प्रश्न १० आणि १५) त्याच्याशी हे जुळतं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

७. ओकिनावाचे लोक खूप जगतात म्हणतात. त्यांचा आहार इथे घेतला तर?

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरची जुनी पिढी मुख्यतः रताळ्यांवर वाढली. १९४९ च्या पाहणीत त्यांच्या उष्मांकांपैकी जवळपास दोन तृतीयांश रताळ्यांतून येत होते. सोबत सोयाबीनचे पदार्थ, पालेभाज्या, थोडे मासे, मांस सणासुदीला. पोट ८० टक्के भरलं की हात आवरायचा, ही त्यांची शिकवण. पण ती आवडीने पत्करलेली राहणी नव्हती, ती गरिबी होती. युद्धानंतर अमेरिकी तळ आले, डबाबंद मांस आणि बर्गर आले, गाड्या आल्या. २००० साली तिथल्या पुरुषांचा आयुर्मानातला क्रमांक जपानच्या ४७ प्रांतांत २६ वर घसरला. एका पिढीत एवढा फरक पडला. मला ओकिनावाची गोष्ट यासाठीच महत्त्वाची वाटते, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच घडताना दिसतं आहे.

अशा प्रदेशांतल्या वयाच्या नोंदींवरही अलीकडे प्रश्न उठले आहेत (प्रश्न ४ मधली कारणं तिथेही लागू पडतात). तेव्हा प्रदेशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर पैसे घालवू नका.

८. मग आपण नेमकं काय खायचं?

आपलंच, थोडं बदलून. कॅलिफोर्नियातल्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा अनेक दशकं अभ्यास झाला आहे. दारू-तंबाखू नाही, बरेच शाकाहारी. त्यांच्यातले पुरुष राज्यातल्या इतर पुरुषांपेक्षा सुमारे ७ वर्षं आणि बायका ४ वर्षं जास्त जगतात. त्यांच्यात आठवड्यातून पाचदा दाणे किंवा सुकामेवा खाणाऱ्यांना हृदयविकार निम्म्याच्या आसपास होता. बदाम परवडत नसतील तर मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्या, खारे नकोत.

भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे उत्तम जेवण आहे. गडबड ताटाच्या कडेला होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ सांगते. आपण त्याच्या दीडपट-दुप्पट खातो. लोणचं, पापड, फरसाण, सांडगे, वरून घेतलेलं मीठ, सगळं त्यात मोजा. दुसरी गडबड संध्याकाळची. एकट्या राहणाऱ्या कितीतरी आज्या रात्री चहा आणि दोन खाऱ्या खाऊन झोपतात, ‘एकटीसाठी कुठे कुकर लावायचा’ म्हणून. त्यात प्रथिनं नाहीत, आणि त्या वयात प्रथिनंच जास्त लागतात: किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. वाटीभर घट्ट वरण, वाटीभर दही, अंडं चालत असेल तर एक अंडं, एवढ्याने बराच फरक पडतो.

९. मी तर काडीपैलवान आहे. मला मधुमेह, हृदयविकार कसा होईल?

होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगाला दाखवून दिलं. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचं छायाचित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुणे परिसरातल्या गावांमधली बाळं वजनाने लहान, पण चरबी इंग्लंडच्या बाळांच्या तोडीची, असंही त्यांच्या गटाला आढळलं. म्हणून आपल्यासाठी निर्देशांकाची सुरक्षित मर्यादा २३ धरतात, २५ नाही. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या: बेंबीच्या पातळीवर कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असेल तर तपासणी टाळू नका.

१०. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासात, रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं. साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसला नाही. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठीच दिलाशाची बातमी आहे.

चालण्याचं महत्त्व पहिल्यांदा ठसठशीत दिसलं ते लंडनच्या डबल डेकर बसमध्ये. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार बराच कमी होतो. गाडी तीच, हवा तीच, पगारातही फार फरक नाही.

११. मी रोज तासभर चालतो. आणखी व्यायाम कशाला?

कारण चालण्याने दम वाढतो, पण मांडीची ताकद आणि तोल त्याने पुरेसा राहत नाही. म्हातारपणी घात करतं ते पडणं. खुब्याचं हाड मोडलं की वर्षभरात पाचातला एक तरी रुग्ण दगावतो.

जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठा. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांवर हीच चाचणी झाली. ज्यांना जास्त आधार लागला त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू कितीतरी जास्त झाले. आपल्याकडे पंगत जमिनीवर बसायची, पूजा पाटावर व्हायची, त्यामुळे हा व्यायाम न कळत होत होता. डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर तो गेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नये. त्यांनी खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठ-बस करावी. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभं राहण्याचा सरावही रोज करा.

आणि घर तपासा. न्हाणीघरातला ओला कडप्पा, तळ झिजलेली रबरी चप्पल, रात्री दोनला लघवीला उठल्यावर हाताशी नसलेलं दिव्याचं बटण. पडण्याचे बहुतेक प्रसंग असेच घडतात. शे-दोनशे रुपयांचा रात्रीचा दिवा आणि भिंतीत बसवलेला एक दांडा यांनी जे वाचतं ते महागड्या टॉनिकने वाचत नाही.

१२. साठी उलटली. आता तंबाखू सोडून काय मिळणार?

तीन वर्षं मिळतात. ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं नजर ठेवली गेली. सिगारेट न सोडणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाही परत मिळवली, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, साठीत ३. इतका सरळ फायदा देणारं एकही औषध माझ्या माहितीत नाही.

मळून खाल्लेली तंबाखू, मिश्री, गुटखा यांत धूर नाही म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. तोंडाचा कर्करोग बऱ्याचदा त्यांतूनच येतो. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

१३. थोडी दारू हृदयाला चांगली, हे खरं ना?

पूर्वी तसं वाटत होतं. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते, त्यामुळे पिणारे निरोगी दिसत. हे लक्षात आल्यावर तो फायदा बहुतांशी विरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की सुरक्षित असं प्रमाण नाही. तब्येतीसाठी म्हणून सुरू करू नका.

१४. बाबा ८४ वर्षांचे आहेत. या वयात बीपीची गोळी कशाला हवी?

हवी. ८० च्या पुढच्या ३,८४५ लोकांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचा रक्तदाब १६० किंवा जास्त असलेल्यांना गोळ्या दिल्यावर मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाले, आणि पक्षाघातही घटले. अपवाद मात्र लक्षात ठेवा. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोल जात असेल, तर रक्तदाब उभ्यानेही मोजून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. त्यात पडून खुबा मोडला (प्रश्न ११) तर गोळीचा फायदा वाया जातो.

मधुमेहाचंही तसंच. पन्नाशीत साखर जितकी काटेकोर ठेवतात तितकी पंच्याऐंशीत ठेवायची नसते. त्या वयात साखर अचानक उतरणं जास्त घातक.

१५. मुलं परदेशात, आम्ही दोघंच. याचा आयुष्यावर परिणाम होतो का?

मुलं दूर असण्याने नव्हे, माणसं नसण्याने होतो. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली गेली. ज्यांचे संबंध घट्ट होते त्यांची जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त होती. हा परिणाम तंबाखू सोडण्याच्या तोडीचा आहे. रविवारचा व्हिडिओ कॉल चांगलाच, पण तो पुरा पडत नाही. शेजारच्या जिन्यातलं कोणी, भजनी मंडळ, पेपर वाचायला येणारा मित्र, विरंगुळा केंद्रातला कॅरम, असं रोज तोंड दाखवणारं कोणीतरी हवं. एक दिवस गेला नाहीत तर ‘का आला नाहीत?’ असा फोन येईल, अशी एक तरी जागा ठेवा.

कमी ऐकू येणं हे एकटेपणाचं मोठं कारण आहे, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. माणूस गप्पांत हसतो, मान डोलावतो, मग हळूहळू यायचंच थांबतो. कमी ऐकू येण्याचा संबंध स्मृतिभ्रंशाशीही जोडला गेला आहे. कानाचं यंत्र घेऊन कपाटात ठेवलं असेल तर ते बाहेर काढा, परत जाऊन आवाज जुळवून घ्या, आणि सुरुवातीला घरातल्या शांततेत रोज तासभर लावून सवय करा.

१६. बायका जास्त का जगतात?

तंबाखू, दारू आणि अपघात त्यांच्यात कमी. शिवाय संप्रेरकांचा आणि दोन एक्स गुणसूत्रांचा फायदा. जपानमधल्या शतायुषींपैकी ८८ टक्के बायका आहेत. पण त्या जास्त वर्षं दुखण्यांसह काढतात, हाडांची झीज त्यांच्यात जास्त. तेव्हा प्रश्न ११ त्यांच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा.

१७. उपवासाने आयुष्य वाढतं का?

उंदरांमध्ये कमी खाण्याने वाढतं. माकडांवर अमेरिकेत दोन दीर्घ अभ्यास झाले. एकात (२००९) फायदा दिसला, दुसऱ्यात (२०१२) आयुष्य वाढलं नाही. माणसांत आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. जाड माणसाने वजन उतरवलं तर फायदा नक्की, मार्ग कोणताही असो. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि वर शेंगदाण्याचा लाडू, हा उपवास मात्र त्यात बसत नाही. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

१८. रोज व्हिटॅमिनची गोळी घेतली तर?

कमतरता असेल तरच. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचं ‘अ’ जीवनसत्त्व होतं) दिलं, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला (१९९४). अपवाद बी-१२ चा. शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर ते तपासून घ्या. हातापायांना मुंग्या येणं, चालताना झोकांड्या जाणं, विसरणं, यांमागे कधीकधी तेवढंच कारण असतं आणि ते वेळीच कळलं तर बरं होऊ शकतं.

१९. आईचं वजन आपोआप उतरतंय. म्हातारपणी बारीक असणं चांगलंच ना?

नाही. न ठरवता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोच्या बाईचं ३ किलो, तर ते आजाराचं लक्षण समजा. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, नाहीतर साधी न बसणारी कवळी. कवळीपासून सुरुवात करा, कारण ते पाहायला पैसे लागत नाहीत. सत्तरीनंतर किंचित भरलेलं शरीर बारीक शरीरापेक्षा आजारात जास्त टिकतं, म्हणून प्रश्न ९ मधली मापं ऐंशीच्या माणसाला ताणून लावू नका.

२०. आजी ९३ वर्षांची आहे. तिला श्रीखंड द्यायचं की पथ्य पाळायचं?

द्या. या वयात पथ्यामुळे जेवण कमी होणं हाच मोठा धोका. गुरगुट्या भातावर तूप, मेतकूट, मऊ उसळ, जे घशाखाली उतरतं ते. मधुमेह असेल तर चवीपुरतं, आणि गोड जेवणासोबतच, मधल्या वेळी नको. हृदय कमजोर होऊन पायावर सूज असेल तर मिठाचं बंधन मात्र राहील. गोळ्यांची यादी दर सहा महिन्यांनी डॉक्टरांसमोर ठेवा, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आणि विचारा: यातली कोणती आता बंद करता येईल?